बेलईदची हार

दा बेलईद सतरा वर्षांचा असताना डोंगराखालच्या अमिझमिझच्या बाजारात फ्रान्सहून एक गोरा आला होता. कोळशाच्या खाणीत माणसं न्यायची होती. डोंगरातले सगळे तरणे पोरगे उघड्या अंगानं रांगेत उभे राहिले. गोऱ्यानं एकेकाचे दंड दाबले, दात बघितले, पाठीवर टिचक्या मारल्या. पसंत पडला त्याच्या छातीवर हिरवा शिक्का, नापसंत त्याला लाल. बेलईदची छाती अरुंद होती. त्याला लाल शिक्का मिळाला. त्यानं तो ओढ्यावर वाळूनं घासला, राखेनं घासला, आठवडाभर निघाला नाही. आमच्या तिझगी गावात तेव्हा पंचेचाळीस उंबरे होते. सगळ्यांनी तो बघितला.

हे मला त्यानं कधी सांगितलं नाही. माझ्या बापानं सांगितलं. बापाच्या स्वतःच्या छातीवर हिरवा शिक्का होता पण आजीनं जाऊ दिलं नाही.

खाणीत गेलेले लोक दर उन्हाळ्यात मोटारी घेऊन परत यायचे. सोन्याचे दात, बायकोला रेडिओ, पोरांना बूट. लग्नसराई त्याच दिवसांत. आमच्याकडे लग्नात अहवाश होतो. खळ्यावर पुरुषांची एक रांग, समोर बायकांची एक, मध्ये डफ. शाहीर उभ्या उभ्या कवन रचतो, समोरचा शाहीर त्याला उत्तर देतो, आणि जो म्हणेल त्याची शेवटची ओळ अख्खी रांग उचलते. रांगेला बाजू नसते. आपल्या सख्ख्या भावावर टीका असली तरी ओळ उचलायचीच. बेलईदचं नाव झालं ते अशा लग्नांत. मोटारवाल्यांना तो कवनातून असे फटके द्यायचा की ते लाल व्हायचे. पण तेही गप्प बसायचे नाहीत, उत्तर द्यायचे. "तुझ्या छातीत कोंबडी मावत नाही, शाहिरा, खाणीत काय मावशील," असं एकजण त्याला म्हणाला होता आणि बेलईद स्वतः ती ओळ उचलून हसत हसत नाचला होता. मी तेव्हा लहान होतो, पण मला ते चांगलं आठवतं. उजाडेपर्यंत चालायचं. सकाळी दोघं एकाच ताटात जेवायचे.

पुढं पाऊस तुटला. ओढा आटला, अक्रोड वाळले, लग्नं शहरातल्या हॉलमध्ये लागायला लागली. मी मराकेशच्या एका हॉटेलात दहा वर्षं ताटं उचलली, तिथं फ्रेंच शिकलो. तिथंच सी द्रिस भेटला. हा कासाब्लांकाचा माणूस, आगाफायच्या माळावर त्यानं पर्यटकांसाठी तंबू टाकले होते. आगाफाय म्हणजे नुसता दगडगोट्यांचा उघडा माळ, वाळूचा कणही नाही. पण मराकेशहून तासाभरावर आहे आणि संध्याकाळी उन्हं उतरली की डोंगरावरचा बर्फ गुलाबी दिसतो. पाहुणे दुपारी चारला यायचे, उंटावर एक फेरी मारायचे, सूर्यास्ताचे फोटो काढायचे आणि मग गाद्यांवर बसून जेवायचे. पाटीवर लिहिलं होतं: अस्सल बर्बर संध्याकाळ. बर्बर म्हणजे आम्ही डोंगरातले लोक, परदेशी आम्हाला तसं म्हणतात.

"तुमच्या गावात नाचणारे आहेत ना?" सी द्रिसनं मला विचारलं. "दहा जण आण. आणि एखादा म्हातारा, चेहरा चांगला असलेला."

चेहरा बेलईदचा चांगला होता. मी गावी जाऊन त्याला विचारलं. तो कडब्याच्या पेंढ्या बांधत होता.

"ऐकणारे कोण आहेत?" त्यानं विचारलं.

"परदेशी लोक, दा."

"त्यांना आपली बोली समजते?"

"नाही."

"मग मला कशाला नेतोस? कोंबडा ने." पण त्याची बायको इज्जा गुडघेदुखीनं जागेवर बसली होती, तिला शहरातला डॉक्टर लागत होता. चार दिवसांनी तो डफ घेऊन माझ्या दारात आला.

सी द्रिसनं आम्हाला पांढरे झगे दिले आणि निळे फेटे. निळा फेटा आमच्यात कुणी बांधत नाही, तो लांब दक्षिणेच्या वाळवंटातल्या लोकांचा. बेलईद म्हणाला, "हा आमचा नाही." सी द्रिस म्हणाला, "काका, फोटोत निळा उठून दिसतो." कोशिंबिरी उठल्या की आम्ही उभं राहायचं, आणि लिंबू-जैतुनातली कोंबडी आली की थांबायचं. पंचवीस मिनिटं. आमच्यानंतर एक पोरगा पेटते पलिते फिरवायचा. लोक त्याला जास्त टाळ्या वाजवायचे.

पहिलं वर्ष बेलईदनं मनापासून स्वागताची कवनं रचली. रोज नवी. कोण किती लांबून आलं, वाऱ्यानं कसं सांगितलं, डोंगरानं कशी मान वर केली. सुंदर होती. पाहुणे पाव मोडत असायचे, मुलांना गप्प करत असायचे. एका संध्याकाळी अगदी पुढ्यात बसलेला एक लाल मानेचा माणूस त्याच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. बेलईदनं सूर न बदलता, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, त्या मानेवर दोन ओळी म्हटल्या. गाढव, भोपळा आणि त्या माणसाची आई त्यात होती. नियमाप्रमाणं आम्ही शेवटची ओळ उचलली आणि आमच्यातल्या अर्ध्यांना हसू आवरेना. आम्ही हसतोय बघून पाहुणेही हसले, उठून आमच्यात नाचायला आले. लाल मानेचा माणूस तर बेलईदच्या खांद्यावर हात टाकून नाचला.

त्या दिवशी परत जाताना गाडीत आम्ही पोट धरधरून हसलो. बेलईद एकटाच खिडकीबाहेर बघत होता.

"दा, मजा आली," मी म्हणालो.

"अं," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तसंच केलं, आणि मग रोज. दुपारी पाहुणे उंटावर असायचे तेव्हा आम्ही तंबूमागं बसून त्यांना न्याहाळायचो आणि पैज लावायचो, आज कुणावर पडणार. जाड्या, टकल्या, नवऱ्यावर खेकसणारी, पाणी मागून मागून जीव खाणारी. आम्ही रोज संध्याकाळी ज्यांना शिव्या घालत होतो तेच आमच्या गळ्यात गळा घालून फोटो काढत होते. आता वाटतं, एवढ्यावरच आमचा जीव तगून होता. त्या कवनांना पुढं पुढं धार राहिली नाही, नुसता कडवटपणा राहिला, हे माझ्या लक्षात आलं होतं. समोरून उत्तर येत नाही तिथं शाहीर ढिला पडतो. पण हसू येत होतं, म्हणून मी बोललो नाही.

अशी सहा वर्षं गेली.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात एक कुटुंब आलं. तिशीची एक बाई, तिचा गोरा नवरा, आणि एक म्हातारा. बाईचं नाव इनेस, हे मला नंतर कळलं. म्हाताऱ्यानं लांब काळा कोट घातला होता, डोक्यावर चपटी टोपी. उंटावर तो बसला नाही. दोघांनी धरून त्याला गादीवर बसवलं, मागं तीन उशा लावल्या. आमच्यापासून चार हातांवर. त्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता, जात्यावर ओलं धान्य घातल्यासारखा. त्याच्या दातांतला एक सोन्याचा होता. कोशिंबिरीबरोबर बोकडाचं मांस आलं होतं, इनेस त्याला बारीक तुकडे करून देत होती आणि तो एकेक तुकडा फार वेळ चावत होता.

आमची बोलीभाषा त्याला येत असेल असं कुणाच्याही मनात आलं नाही. ते तिघं फ्रेंचच बोलत होते. आमच्या लेखी तो फ्रान्समधला कुणीतरी खाऊनपिऊन सुखी म्हातारा. आम्ही उभे राहिलो, डफ तापले, आणि बेलईदची नजर त्याच्यावर जाऊन थांबली. मी बाजूलाच होतो. मला वाटतं, तो सोन्याचा दात त्याला खुपला.

तो गायला:

लोहाराचा भाता कुणी गादीवर ठेवला?
आमचं बोकड गिळून वर घरघरू लागला.
फुंक रे भात्या, फुंक, विझत आली आग,
परदेशात फुगलास, आता आमच्या कामी लाग.

आम्ही ओळ उचलली. परदेशात फुगलास, आता आमच्या कामी लाग. आमच्यातला एक जण गाल फुगवून भात्यासारखा डोलायला लागला. पाहुण्यांमध्ये हशा पिकला.

म्हाताऱ्यानं हातातला पाव ताटात ठेवला. इनेसच्या खांद्याला धरून तो उठायला लागला. तिला वाटलं त्याला आत जायचंय, ती त्याला तंबूकडं वळवू लागली. त्यानं तिचा हात सोडवला आणि आमच्या रांगेसमोर येऊन उभा राहिला, दोन पावलं मागं, उजवा हात कानावर. समोरचा शाहीर जसा उभा राहतो तसा. तेव्हा मला कळलं. बेलईदलाही कळलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच राहिलं, फक्त त्याचं ते उरलं नाही.

म्हाताऱ्यानं दोन श्वास जमवले आणि गायला. आवाज फुटका होता, पण चाल आमच्याच खोऱ्यातली, आमच्या आजोबांच्या वेळची:

भाताच मी, शाहिरा, बोललास ते खरं,
तीस वर्षं उबेत ठेवलं परक्यांचं घर.
काळा दगड छातीत, तो निघेना आता,
तुझी आग मोठी होवो, फुटू दे हा भाता.

नियम नियम असतो. आम्ही ती ओळ उचलली. तुझी आग मोठी होवो, फुटू दे हा भाता. मघाशी गाल फुगवणारा मान खाली घालून गात होता. आम्ही ती तीनदा म्हटली, मग आणखी तीनदा, कारण आता बेलईदनं उत्तर द्यायचं होतं आणि तो देत नव्हता. डफ वाजत राहिले. बेलईदनं तोंड उघडलं. आयुष्यात मी त्याला शब्दासाठी अडलेला बघितला नव्हता. त्यानं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. मग म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली, तो दुमडला, आणि इनेस आणि तिच्या नवऱ्यानं त्याला उचलूनच नेलं.

सगळे पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक बाई डोळे पुसत होती. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेलईद माझ्या खोलीवर आला. "ते लोक कुठं उतरलेत, शोध," एवढंच म्हणाला. सी द्रिसच्या ड्रायव्हरनं सांगितलं, जुन्या शहरातलं एक लहान हॉटेल. बेलईदनं गावाकडच्या तेलाची बाटली बरोबर घेतली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून.

अंगणात संत्र्याच्या झाडाखाली म्हातारा खुर्चीत बसला होता, मांडीवर शाल. शेजारी हवेची नळकांडी होती. इनेसनं आम्हाला बघितलं आणि धावत आली. तिनं बेलईदचे दोन्ही हात धरले.

"मी तुमचे आभार कसे मानू?" ती मला फ्रेंचमध्ये म्हणाली. "त्यांना सांगा ना. आजोबा आमच्या घरात कधी त्यांची भाषा बोलले नाहीत. बाबांनाही येत नाही. आज्जी फ्रेंच होती. गाताना तर मी त्यांना काल पहिल्यांदा ऐकलं. मी आजोबांना रात्री विचारलं, हे गायक तुम्हाला काय म्हणाले? म्हणाले, स्वागत केलं माझं."

मी बेलईदला सांगितलं. त्यानं तिच्या हातांतून आपले हात सोडवले. मग म्हाताऱ्यासमोर गेला आणि खाली जमिनीवर बसला.

"कुठल्या गावचे, दा?" त्यानं विचारलं.

"तमालुत. खिंडीच्या पलीकडं. बिही म्हणतात मला." म्हातारा थांबून थांबून बोलत होता. "तू तिझगीचा. तुझा बाप ताशे ठोकायचा का?"

"बाप नाही, माझा काका."

"हां. चेहरा तोच."

बेलईदनं बाटली त्याच्या पायाशी ठेवली. "मला माहीत नव्हतं, दा. मला वाटलं तुम्ही…"

"काय वाटलं? फ्रेंच?" म्हातारा म्हणाला. "मग त्यांना म्हणायचं होतं, नाही का? त्यांच्यातला एखादा खोकत असता तर चाललं असतं."

बेलईद बाटलीवरचा वर्तमानपत्राचा कागद सारखा करत बसला.

"कवन वाईट नव्हतं," म्हातारा म्हणाला. "भाता चांगला पकडलास. तमालुतच्या खळ्यावर माझ्या तोंडावर म्हटलं असतंस तर मी तुला उजाडेपर्यंत सोडला नसता. आणि सकाळी तुझ्याबरोबर जेवलो असतो. पण ज्याला कळत नाही त्याच्यासमोर उभं राहून हसत हसत शिव्या घालणं, ते काय काम आहे? आंधळ्याच्या ताटात थुंकण्यासारखं." त्यानं नळी नाकाला लावली, थोडा वेळ घेतला. "मी पन्नास वर्षांनी आलो होतो. डॉक्टर म्हणाला प्रवास करू नका. पोरीला म्हटलं मला अहवाश ऐकायचाय. तिनं फोनवर शोधलं, तुम्ही सापडलात."

इनेस हसऱ्या चेहऱ्यानं आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "काय म्हणतायत?" तिनं मला विचारलं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. शिल्हात, म्हणजे आमच्या बोलीत, म्हणाला, "काहीतरी चांगलं सांग तिला."

"गावाच्या गोष्टी काढतायत," मी म्हणालो. "ओळखी निघाल्या."

तिचे डोळे भरून आले. तिनं फोन काढला. कालचं सगळं तिनं टिपलं होतं. तिनं तो माझ्यासमोर धरला, दोघांच्या ओळी कुठं आहेत ते दाखवलं आणि वही उघडली. "शब्दशः सांगा. मला मुलांसाठी लिहून ठेवायचंय."

मी दहा वर्षं हॉटेलात काम केलं आहे. पाहुण्याला काय ऐकायचंय ते मला कळतं. बेलईदच्या ओळींचं मी केलं: पाहुण्या, तुझ्या पावलांनी आमचं अंगण उजळलं. आणि म्हाताऱ्याच्या ओळींचं: माझ्या डोंगरा, मी परत आलो, आता माझा श्वास मोकळा झाला. तिनं ते लिहून घेतलं, मला परत वाचून दाखवलं, माझा फोन नंबरही घेतला. म्हातारा डोळे मिटून बसला होता. त्याला फ्रेंच माझ्याहून चांगलं येत होतं.

निघताना बेलईद म्हणाला, "मी उत्तर आणून देईन, दा. मला वेळ द्या."

"माझ्याकडं कुठं आहे?" म्हातारा म्हणाला. तेलाची बाटली मात्र त्यानं मांडीवर घेतली.

त्याच दुपारी सी द्रिसनं मला बोलावलं. कुणीतरी त्याला कालचा व्हिडिओ पाठवला होता. तो पुन्हा पुन्हा बघत होता.

"हा म्हातारा कोण? कुठून आणलात?"

"पाहुणा होता."

"लोक रडतायत, बघितलंस? या सहा वर्षांत कुणी रडलं नव्हतं." त्यानं फोन खाली ठेवला. "हे रोज झालं पाहिजे. पाहुण्यांतून एक म्हातारा उठतो, काकाशी सवालजवाब करतो, काका हरतो. एखादा म्हातारा बघ अमिझमिझचा. कोट मी देतो."

मला वाटलं बेलईद त्याच्या अंगावर जाईल. मी त्याला सांगितलं तेव्हा तो डफाचं कातडं शेकत होता. त्यानं डफ विस्तवावरून काढला, बोटानं एकदा वाजवून बघितला.

"ओळी त्याच्याच ठेवायच्या?" त्यानं विचारलं.

"हो. तेच म्हणतोय तो."

"मग ठीक आहे."

"दा, तुला रोज हरावं लागेल."

"हरलोच आहे की. इथं निदान रांगेतल्या आपल्या लोकांच्या कानावर पडेल त्याचं कवन."

मी त्याला बरेच दिवस समजावलं नाही, कारण मला वाटलं तो प्रायश्चित्त घेतोय. आता वाटतं, त्याला उत्तर शोधायचं होतं. रोज त्या ओळी समोरून आल्या तर एक दिवस जबाब सुचेल, असं त्याच्या मनात असावं. तंबूमागं बसून तो पुटपुटायचा. पाहुण्यांवर पैजा लावणं आमचं आपोआप बंद झालं.

म्हातारा म्हणून उहमान आला. अमिझमिझच्या बसवर कंडक्टर होता, निवृत्त झालेला, धट्टाकट्टा. काळा कोट त्याला घट्ट होत होता. पहिल्या आठवड्यात तो नुसता गायचा, चांगला गायचा. मग सी द्रिसनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "खोकल्याशिवाय मजा नाही. गाण्याआधी थोडा, नंतर भरपूर." उहमान मन लावून शिकला. एप्रिल संपेपर्यंत तो असा खोकायचा की पाहुण्यांतल्या बायका पाण्याचा पेला घेऊन धावायच्या. जेवताना तो आम्हाला विचारायचा, "आज कसा झाला?" माणूस वाईट नव्हता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

बेलईद रोज भात्याचं कवन म्हणायचा, आम्ही गाल फुगवायचो, उहमान उठायचा, बेलईद तोंड उघडून मिटायचा. टाळ्या. मग कोंबडी यायची. असं वर्षभर चाललं. उत्तर त्याला सुचलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत माझ्या फोनवर इनेसचा निरोप आला. आजोबा गेले. शेवटचे दिवस हॉस्पिटलमध्ये होते, शुद्ध नव्हती. तिनं श्रद्धांजलीच्या कार्डाचा फोटो पाठवला होता. वर तरुण बिही, खाणीची टोपी घातलेला, तोंड काळं आणि दात पांढरे. खाली फ्रेंचमध्ये छापलं होतं: माझ्या डोंगरा, मी परत आलो, आता माझा श्वास मोकळा झाला. त्याखाली: त्यांचं शेवटचं गाणं. तिनं लिहिलं होतं, दफनाच्या वेळी सगळ्यांनी मिळून हे वाचलं.

आम्ही तेव्हा माळावर होतो, पाहुणे उंटांवर चढत होते. मी बेलईदला फोटो दाखवला आणि वाचून दाखवलं.

"हे त्याचं नाही," तो म्हणाला.

"नाही. मी सांगितलेलं."

"भाता कुठंय?"

"नाही त्यात."

"दगड?"

"तोही नाही, दा."

त्यानं फोन हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो त्या ओळींवरून बोट फिरवत राहिला. "मग त्याच्या घरात कुणालाच कळलं नाही तो काय म्हणाला ते," तो म्हणाला. "तीस वर्षं त्यानं छातीत काय वागवलं तेसुद्धा नाही."

"कळवू का तिला? खरं काय ते?"

"आता?" त्यानं फोन माझ्या हातात दिला. "पुरलं त्याला. आता कशाला तिच्या तोंडातला घास काढतोस."

त्या संध्याकाळी गर्दी होती, साठेक माणसं. कोशिंबिरी उठल्या, आम्ही उभे राहिलो, डफ सुरू झाले. बेलईद गायला नाही. डफ छातीशी धरून नुसता उभा राहिला. आम्ही ताल फिरवून पुन्हा जागेवर आणला, त्याला वाट करून दिली. तो उभाच. उहमानचा अंदाज चुकला, तो ठरल्यासारखा खोकायला लागला. कुणी काही म्हटलेलंच नव्हतं आणि तो खोकत होता. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. सी द्रिस तंबूच्या दारातून मला हातानं खुणावत होता.

आणि मी गायलो. लोहाराचा भाता कुणी गादीवर ठेवला. मला कुणी जबरदस्ती केली नाही. रांग अडून राहिली होती, कार्यक्रम पडत होता, माझ्या तोंडून ते निघून गेलं. रांगेनं ओळ उचलली. बेलईदनं डफ दगडावर ठेवला, डोक्यावरचा निळा फेटा सोडून त्यावर ठेवला आणि गाड्या उभ्या असतात तिकडं चालत गेला. उहमान उठला, कानावर हात ठेवला, बिहीच्या ओळी म्हणाला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. टाळ्या जोरात पडल्या. सी द्रिस नंतर म्हणाला, तू जास्त बरा हरतोस.

बेलईद दुसऱ्याच दिवशी तिझगीला गेला. जाताना माझ्याशी भांडला नाही. मी म्हणालो, "दा, मला रागानं काहीतरी बोल." तो म्हणाला, "तुझी पोरं शाळेत आहेत," आणि बसमध्ये चढला. त्याचं बोलणं खरं होतं, म्हणून मला ते जास्त लागलं.

आता त्या जागी मीच उभा राहतो. उहमानचे गुडघे गेले, त्याच्या जागी दुसरा आलाय. त्याला बिहीच्या ओळी मी शिकवल्या. त्यात त्यानं एक शब्द चुकीचा बसवलाय, दगडाऐवजी काळीज म्हणतो. मी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. ऐकणाऱ्यांना फरक पडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिझगीत लग्न होतं, बऱ्याच वर्षांनी खळ्यावर अहवाश झाला. इज्जाला खुर्चीत बसवून आणलं होतं. बेलईद रांगेत शेवटून तिसरा उभा होता. तरुण पोरांनी त्याला पुढं ओढलं.

"दा, तू म्हण. तू असताना आम्ही काय म्हणायचं?"

"गळा बसलाय," तो म्हणाला आणि जागेवर गेला.

समोरचा शाहीर म्हणून फ्रान्सहून सुट्टीला आलेला एक जण होता, पन्नाशीचा, जुन्या घरातला, कवन करणारा. त्यानं बेलईदला ओळखलं. सगळ्यांना ठाऊक होतं काय झालं ते, खोऱ्यात गोष्ट लपत नाही. तो हसत हसत गायला की तिझगीचा शाहीर माळावर पावाच्या तुकड्याला शब्द विकून आला, आता खळ्यावर त्याच्या थैलीत भुसा निघाला. चांगली ओळ होती. डफ थांबल्यासारखे झाले. सगळे बेलईदकडे बघत होते. उत्तर द्यायला याहून चांगली जागा मिळाली नसती. समोर कळणारा माणूस होता, त्यानं तोंडावर म्हटलं होतं.

बेलईदनं मान वर केली आणि नियमाप्रमाणं ओळ उचलली. आता खळ्यावर त्याच्या थैलीत भुसा निघाला. रांगेत सगळ्यांत मोठा आवाज त्याचा होता. तीनदा म्हणायची ती त्यानं सहादा म्हटली, रांग थांबल्यावरही एकदा एकटाच म्हणाला, आणि मग आपल्या जागेवर पाय हलवत राहिला.

मला दुसऱ्या दिवशी तीनची गाडी होती. सकाळी त्याच्या घरी गेलो. इज्जा म्हणाली, तो शेळ्या घेऊन खिंडीकडं गेलाय, संध्याकाळशिवाय यायचा नाही. तिनं मला चहा दिला, मी तो उभ्यानंच घेतला आणि निघालो.